मुळ्याच्या बाळंतिणी

मी मुळ्यावर एम.एस्सी. केली. हे वाक्य मी जिथं जिथं बोलले तिथं तिथं लोक हसले. पाहायला आलेल्या मंडळींपैकी एकानं तर चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "मुळ्यावर म्हणजे, भाजीच्या मुळ्यावर?" हो बाबा, भाजीच्याच. वाढीची संप्रेरकं फवारली की मुळ्याच्या मुळाचं काय होतं, हा माझा विषय. ते लांब होतं की जाड, भरीव राहतं की आतून जाळी धरतं, चव उतरते की टिकते. दोन हिवाळे मी कॉलेजच्या वाफ्यांत उकिडवी बसून मुळे उपटले, धुतले, मोजले, कापले. बोटांना तो उग्र वास इतका बसला होता की मेसमध्ये माझ्या शेजारी बसायला मैत्रिणी नाक मुरडायच्या.

आई मात्र कधी हसली नाही. ती आल्यागेल्याला सांगायची, "माही पोरगी मुळ्याची डाक्टर होय." मी चिडायचे. "आई, डॉक्टर वेगळं असतं." ती म्हणायची, "मुळ्याले बरं नाई वाटलं तं तुलेच बोलावतीन न? मंग?" वडील मी शाळेत असतानाच गेले, मला भाऊ-बहीण नाही. घरात आम्ही दोघीच. त्यामुळे वाद घातला तरी तो तिच्याशीच, आणि हरलं तरी तिच्यापुढेच.

तिला मुळ्याचं एवढं काय होतं, ते सांगते. आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ते गेलं. त्यावर मी इथं रडगाणं गाणार नाही, आमच्याकडे ते सगळ्यांनाच येतं. फक्त एवढं सांगायचं, की आमच्या घरामागची सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची जागा, नदीच्या पोयट्याची होती. पावसाळ्यानंतर तिथं हात खुपसला तर कोपरापर्यंत जायचा. त्या मातीत आमचा मुळा व्हायचा. फार लांब नाही, वीतभराचा, जाड, आणि डोक्याशी जांभळा. तिखट इतका की पाहुणे डोळे पुसत पुसत दुसरी फोड मागायचे. सगळं गाव तोच मुळा लावायचं. दुकानातून बी आणणं कोणाला माहीतच नव्हतं.

ते बी धरायची आमच्या घरची एक रीत होती. आजीकडून आईकडे आलेली. संक्रांतीच्या आधी मुळे निघाले की आई त्यातले डझनभर निवडून बाजूला काढायची. सरळ, भरलेले, गुळगुळीत. मग प्रत्येकाचा खालचा भाग इळ्यानं कापायची आणि तो तुकडा स्वतः चावून पाहायची. तिखट आणि भरीव लागला तर वरचं डोकं बियाण्याला, नाहीतर चुलीवर. पाला चार बोटं ठेवून छाटायचा आणि ती डोकी सांदवाडीच्या कोपऱ्यात परत मातीत पुरायची. या डोक्यांना आई 'बाळंतिणी' म्हणायची. आणि नुसतं म्हणायची नाही, वागवायचीही तशीच. पहिले पाच दिवस कोमट पाणी. दुपारच्या उन्हात जुन्या लुगड्याची सावली. शेणाचं पाणी कालवलं की पहिलं यांना, मग बाकीच्यांना. त्यांना दांडे यायचे, पांढरी-जांभळी फुलं यायची, डिंगऱ्या लागायच्या आणि होळीच्या सुमाराला त्या शेंगा चोळून बी निघायचं.

पुढं कॉलेजात पुस्तकात हीच रीत छापलेली दिसली तेव्हा मी उड्या मारत घरी फोन केला. आई म्हणाली, "बरं हाय. पण त्या लिहिणाऱ्याले कोणी सांगितलं?"

नवं गाव आम्हाला अड्याळच्या बाजूला मिळालं. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट, विजेचे खांब. घरामागं जी जागा आली ती बरड. वर बोटभर माती आणि खाली मुरूम. आईनं पहिल्याच वर्षी तिथं मुळा लावला. निघाला तो दोन टांगांचा. एखादा तीन टांगांचा. एकाला तर खरंच माणसासारखे हातपाय होते. पोरंटोरं त्याला टोपी घालून गावभर फिरवून आली. सगळे हसले, आईही हसली, पण त्या रात्री ती जेवली नाही.

असं दरवर्षी झालं. मुळाच्या टोकाला खाली खडा लागतो, टोक मोडतं, आणि मग बाजूनं दोन फुटतात. इतकं साधं आहे ते. बाकीच्या बायांनी दोन-तीन वर्षांत नाद सोडला आणि बाजारातली पाकिटं आणायला लागल्या. जुनं बी आता एकट्या आईकडं उरलं. ती दरवर्षी त्या वेड्यावाकड्या ढिगातून त्यातल्या त्यात बरे शोधायची. कधी सात मिळायचे, कधी पाच. त्यांनाच कोमट पाणी, त्यांनाच सावली. होळीला मूठभर बी निघालं की त्यातलं थोडं पुरचुंडीत ठेवणीला टाकायचं, उरलेलं पेरायचं. तिच्या डोक्यात एक बसलं होतं, आणि ते ती उघड बोलायची: "गावचा मुळा इथं एकदा सरळ निघाला पायजे. तवा समजन का ह्या जागेनं आपल्याले घेतलं." मी म्हणायचे, आई, जागा कोणाला घेत नाही की सोडत नाही. ती म्हणायची, तुले काय मालूम.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला तिचा फोन आला. मी तेव्हा घरापासून खूप दूर, एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला होते. आजही आहे. ती म्हणाली, "दिवाळीले आठ दिवस येजो. तलावाचा गाळ उपसला, रस्त्याच्या कडेले ढीग पडून हाय, कोणीबी न्या म्हणतेत. सब्बलनं मुरूम वीतभर फोडू अन् गाळ भरू. दोघी मिळून होऊन जाईन. माह्यानं एकटीनं नाई होत आता."

रजा होती माझी. मी ती मैत्रिणींबरोबर फिरायला ठेवली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आता सांगते. मी आईला म्हटलं, "गाळबिळ वाहायची काही गरज नाही. तुझ्या मुलीनं दोन वर्षं काय केलंय मग? औषध पाठवते, तेवढं फवार."

ती म्हणाली, "त्यानं सरळ होते?"

"मुळाला ताकद येते," मी म्हटलं.

हे उत्तर नव्हतं. मला पक्कं माहीत होतं की ते उत्तर नव्हतं. जिबरेलिक ॲसिड, ज्याला आम्ही नुसतं जीए म्हणतो, ते झाडाला ताणतं. पानं मोठी होतात, मूळ थोडं लांबतं. बेतानं दिलं तर मुळ्याचं वजनही वाढतं. जास्त दिलं तर सगळा जोर वर जातो, मूळ पोकळ पडतं आणि अवेळी दांडा येतो. माझ्याच प्रबंधात हे सगळं लिहिलेलं आहे. पण जमिनीतला खडा काही जीएनं हटत नाही. त्याला सब्बल, म्हणजे पहार लागते, गाळ लागतो, आणि दोन माणसं लागतात. त्यातलं एक माणूस मी होते.

मी एक ग्रॅमची पुडी कुरिअरनं धाडली. ती मिळाली तेव्हा आईनं शेजारच्या मामीच्या फोनवरून व्हिडिओ लावला. ही मामी जुन्या गावातही आमची शेजारीण आणि नव्या गावातही प्लॉटला प्लॉट लागून. आईची सगळ्यात जवळची. मी सांगितलं, "चार-पाच पानं आली की एकदाच फवारायचं. अर्धी पुडी, अर्ध्या पंपाला. पाण्यात सरळ विरघळत नाही ते, आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालव."

"स्पिरिट कुठून आणू?"

"मेडिकलमध्ये मिळेल."

मागून मामीचा आवाज आला, "मोहाची चालते काय? गुडघ्याले लावाले ठेवली हाय माह्याकडं."

मला हसू आलं. म्हटलं, चालवून घ्या. मामी म्हणाली, "अन् मुळ्याले चढली तं त्याले घरी कोण आणून घालन?" त्या दोघी तोंडाला पदर लावून हसत राहिल्या, आणि इकडे मीही. उरलेल्या अर्ध्या पुडीचं काय करायचं, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

संक्रांतीला फोटो आला. आईनं खाटेवर चादर अंथरून मुळे ओळीनं मांडले होते. वीतभराचे, जांभळ्या डोक्याचे, सरळ. एकही टांगवाला नाही. मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. फोनवर आई बोलता बोलता अडखळत होती. जुन्या गावातून आलेल्या प्रत्येक घरी तिनं दोन-दोन दिले होते. एक म्हातारे बाबा मुळा हातात घेऊन बराच वेळ नुसते बसून राहिले म्हणे. "तुह्या औषधानं झालं वो," ती म्हणाली. "आता मी मेली तरी चालते." मी म्हटलं, आई, काहीतरी बोलू नको. पण आतून मी फुगले होते. मुळ्यावर एम.एस्सी. केली म्हणून हसणाऱ्या त्या सगळ्यांना मला तो फोटो पाठवावासा वाटला.

फेब्रुवारीत एकदा दुपारी तिचा फोन आला. मी मीटिंगला शिरत होते. ती म्हणाली, "बाळंतिणी लय उंच होऊन राहिल्या. माह्या डोक्याच्या वर गेल्या. बांबू लावून बांधल्या." मी म्हटलं, "चांगलं आहे की. आई, मी नंतर करते." मुळ्याचा दांडा छातीपर्यंत येतो. डोक्याच्या वर जात नाही. माझ्या प्रयोगात जास्त मात्रेच्या वाफ्यांत तो तसा जायचा, बारीक, फिकट, वाऱ्यानं आडवा होणारा. ते दांडे मी स्वतः पट्टी लावून मोजले आहेत. कोणी तिसऱ्यानं मला हे वाक्य सांगितलं असतं तर मी तिथंच थांबून विचारलं असतं, काय घातलंस त्यांना? आईनं सांगितलं म्हणून मी ऐकलं नाही.

नंतर होळीच्या वेळी विचारलं, बी झालं का. ती म्हणाली, झालं. मी म्हटलं, छान.

पुढच्या दिवाळीला मी घरी गेले. या वेळी मनात थोडी लाज होती, म्हणून चांगली मोठी रजा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आई अंगणात सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. मी म्हटलं, चल, मुळा टाकू या, बी कुठंय? तिनं फडताळाकडे हनुवटी केली. मी पुरचुंडी सोडली आणि बी तळहातावर घेतलं.

मुळ्याचं बी तांबूस असतं. हेही तांबूसच होतं. पण काही दाण्यांच्या खाचेत गुलाबी रंग अडकलेला होता, आणि फडक्याला आतून फिकट गुलाबी डाग पडला होता. कंपनीच्या बियाण्याला बुरशीचं औषध लावतात आणि त्यात रंग घालतात, कोणी चुकून खाऊ नये म्हणून. असलं बी मी रोज पाहते. हे कोणीतरी पाण्यात चोळून चोळून धुतलेलं होतं आणि वाळवलेलं होतं.

"आई, हे कुठलं बी आहे?"

"गावचं," ती मान वर न करता म्हणाली.

"आई."

ती सुपात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अड्याळच्या बाजारातलं."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिनं सांगितलं ते असं. औषध येणार म्हणून त्या वर्षी तिनं ठेवणीचं बीसुद्धा पेरून टाकलं होतं. सगळ्या घरांना मुळा पुरला पाहिजे, आणि बी काय, होळीला पुन्हा निघेलच. मुळे तसे छान निघाले. त्यातले उत्तम बारा तिनं बाळंतिणी म्हणून लावले. आणि माझ्या औषधानं एवढं चांगलं केलं, तर ज्यांना खरी ताकद पाहिजे त्यांना कसं नाही द्यायचं, म्हणून उरलेली अर्धी पुडी मोहाच्या दारूत कालवून त्यांना दिली.

"किती पाण्यात?"

"तांब्याभर."

"अर्धी पुडी तांब्याभर पाण्यात? पंपाचं प्रमाण सांगितलं होतं ना मी तुला?"

"ते साऱ्या वाफ्याचं होतं," ती म्हणाली. "बाळंतिणीले पातळ कोणी देते काय?"

मी तळहातावरचं बी परत फडक्यात ओतलं.

"डिंगऱ्या लय लागल्या," ती सांगत होती. "फुगल्या अशा, बोटाएवढ्या. मामी म्हणे, बाप्पा, यंदा तं पायलीभर बी निघते. वाळल्यावर एकटीच चोळाले बसली. एक चोळली, पोचट. दुसरी चोळली, पोचट. म्हटलं, खालच्या पाहू. साऱ्या चोळल्या. बारा बाळंतिणी, अन् एक दाणा नाई."

तसंच होणार होतं. द्राक्षाला हेच औषध देतात. बी धरलेलं नसलं तरी फळ फुगतं, म्हणून तर ते देतात. शेंगेला वाटतं आपल्या पोटात काहीतरी आहे, आणि ती वाढत राहते. मी हे परीक्षेत लिहिलेलं आहे आणि त्याला चांगले गुण मिळालेले आहेत.

मग मी चिडले. माझा स्वभाव वाईट आहे. अपराधी वाटलं की मी आधी ओरडते. "पुडी फेकून द्यायची होतीस. मला विचारायचं होतंस. असलं औषध मनानं देतात का कोणी?"

"तू फेक म्हणून नाई सांगितलं," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं जे होतं ते. आणि तिनं विचारलं नव्हतं असंही नाही. ती फोन करून बोलली होती, मीच मीटिंगला गेले होते. हेही ती बोलली नाही. मलाच आठवलं.

"मग मला खोटं का सांगितलंस? बी झालं म्हणून?"

"तुले कायले सांगू? तू तिकडं एकटी. तुले वाटलं असतं का आपल्या शिकण्यानं गावचं बी खाल्लं. मंग तू कामात चुकशील, जेवणार नाई. मले मालूम नाई काय तुहा जीव?"

"आणि धुतलंस कशाला हे?"

"तू पायशील म्हणून."

त्यावर मी रडले. तीस वर्षांची बाई, आईच्या सुपापुढं बसून लहान पोरीसारखी रडले. तिनं सूप बाजूला केलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "उगी. मुळाच हाय."

दुपारी, काहीतरी करायचं म्हणून, मी सब्बल घेऊन मागं गेले. आज तरी मुरूम फोडू, गेल्या वर्षी आले नाही ते आता भरून काढू, असं काहीतरी मनात होतं. पहिल्याच घावाला सब्बल हातभर आत गेली. खाली काळा, मऊ गाळ. मी दुसरीकडे मारली, तिथंही गाळ. अख्खी सांदवाडी तशीच. कुंपणापलीकडं मामी धुणं वाळत घालत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "तुह्या मायनं वाहिला न मागच्या साली. घमेल्या-घमेल्यानं. मी म्हणून राहिली, अवो, कंबर जाईन. तं म्हणे, पोरीनं औषध धाडलं हाय, त्याले जागा तं पायजे."

मी तिथं गाळात उभी राहिले. म्हणजे मुळे सरळ आले ते तिच्या घमेल्यांनी. माझ्या औषधानं पानं थोडी मोठी केली असतील, फार तर. आणि तिनं सगळ्या गावाला सांगितलं होतं की पोरीच्या औषधानं झालं.

त्या रजेत मी जुन्या गावच्या प्रत्येक घरी गेले. आईनं बजावलं होतं की बी गेलं म्हणून कोणाला सांगायचं नाही, म्हणून मी म्हणायचे, कॉलेजसाठी जुन्या मुळ्याचं बी पाहिजे, नमुन्याला. बायांनी डबे उघडले, मडकी पालथी केली. कारल्याचं मिळालं, वालाचं मिळालं, एकीकडं आजीच्या काळचं भोपळ्याचं मिळालं. मुळ्याचं कोणाकडंच नव्हतं. प्रत्येक घरी शेवटी एकच वाक्य ऐकू यायचं: "तुह्या मायकडं हाय न, तिच्याकडून घे." धरणाच्या पाण्यामुळं उठलेल्या दुसऱ्या गावांतही जाऊन आले. तिथले मुळे वेगळे, आमचा नव्हे. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी वाफे केले आणि बाजारातलं ते धुतलेलं बी पेरलं. आई म्हणाली, "पेरलं नाई तं लोकं विचारतीन."

या संक्रांतीला मी पुन्हा गेले. मुळे तयार होते. हातभर लांब, टोकापासून डोक्यापर्यंत पांढरेशुभ्र, आणि गाळामुळं सगळे सरळ. दिसायला फार सुंदर. मी ते उपटत होते आणि मला त्यांचा राग येत होता, ज्यात त्यांचा काही दोष नव्हता. आई एकेकाची माती पुसून ओळीत ठेवत होती.

मामी आली. तिनं एक उचलला, उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, आता ओळखेल. तिचं अर्धं आयुष्य तो मुळा खाण्यात गेलं होतं.

"डोकं पांढरं पडलं याचं," ती म्हणाली.

आईनं पुढचा मुळा पुसायला घेतला.

मामीनं पदराला पुसून तुकडा मोडला, चावला, थोडा वेळ तोंडात घोळवला. "तिखटबी कमी हाय." मग ती वाफ्याच्या कडेला बसली आणि तिच्या तोंडावर हसू पसरलं. मी तिला इतकं मोकळं हसताना नव्या गावात कधी पाहिलं नव्हतं. "जागा बदलली, तं तोबी बदलला बिचारा. पण पाय, यंदा औषध नाई तरी सरळ. रमला शेवटी. एवढे वर्स टांगा झाडत होता. रमला वो बाई आपला मुळा." तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी घरी म्हणून राहिली होती, आपण म्हातारे, आपलं काई इथं मन लागत नाई. आता म्हणतो, त्याचं लागलं तं आपलंबी लागन."

"हो," आई म्हणाली.

"यंदा बी जास्त धर. आंधळगावले दिलेली माही पोरगी मागून राहिली. म्हणे, गावचं कायतरी पायजे अंगणात. अन् पुरचुंडीत राहिलं असन थोडं, तं आजच दे मले."

"देतो," आई म्हणाली. तिनं मामीकडं पाहिलं नाही. माझ्या आईनं गावातल्या माणसाला कधी खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. लहानपणी माझ्या हातून कोणाचं भांडं फुटलं तर मला धरून त्या घरी नेणारी बाई ती. मामी दोन मुळे छातीशी धरून तिच्या दारातून सुनेला हाका मारत गेली, की बघ, बघ, गावचा मुळा.

ती आत गेल्यावर मी म्हटलं, "आई, सांगून टाकू का? माझ्या नावानं सांगते. चूक माझीच आहे. लोक चार दिवस बोलतील, मग विसरतील. हे असं तुझ्या डोक्यावर नको."

आईनं हाताची माती झाडली.

"काय सांगशील?" ती म्हणाली. "त्याईचा गाव एकदा गेला. तो पाण्यानं नेला, त्याले इलाज नव्हता. आता माह्या अंगणातून दुसऱ्यांदा कायले घालवतेस?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मामीसाठी उरलेलं ते धुतलेलं बी बांधायला आत गेली.